सात नंबर शांत आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

सर्व्हर आला. दोन खोकी. उघडायच्या आधीच कोसरे भाऊंनी नारळ फोडला आणि पाणी थेट खोक्यावर. मी ओरडले. ते म्हणतात, "मॅडम, आशीर्वाद आहे, काई नाई होत." कंट्रोल रूममध्ये सगळी नोकरी स्क्रीनपुढे काढलेला माणूस, त्याला काय बोलणार. पुठ्ठा पुसला.

जुन्याचे हाल बघवत नाहीत. पंखा घरघरतो, मधेच डिस्क टकटक करते. खाली खाणीत गॅसचे जेवढे सेन्सर आहेत त्यांचे आकडे वर आणणारा तो एकटाच, तो गेला की आम्ही आंधळे. म्हणून नवा आला याचा आनंदच आहे. पण टेंडर काढताना आपलं गॅसचं सॉफ्टवेअर कशावर चालतं, कार्ड कोणतं लागतं, हे कोणी विचारलं नाही. मशीन तेवढं भारी घेतलं. वरातीला घोडा आणला, नवरा कुठाय ते नंतर बघू.

उद्यापासून जुळणी. कोणतं कार्ड, कोणती सिस्टिम, कोणती आवृत्ती, सगळं सॉफ्टवेअरवाल्यांच्या यादीशी ताडून बघायचं. वहिनी हसते. आमच्यात लग्नाला पत्रिका बघत नाहीत, फार तर सिकलसेलच्या रक्ततपासणीचं कार्ड विचारतात. "अन् तू मशीनची पत्रिका पाहून राह्यली," म्हणाली.

६ नोव्हेंबर, गुरु.

जुळत नाही.

सेन्सरच्या तारा ज्या कार्डात येतात ते जुनं कार्ड नव्या मशीनमध्ये जातच नाही, खाचच वेगळी. नागपूरहून पंकज आलाय, सर्व्हर पुरवणाऱ्यांचा माणूस. अर्धं लक्ष मोहर्लीच्या वाघांच्या सफारीत. त्याने पिशवीतून दुसरं कार्ड काढलं, दाबलं, टक्क आवाज. "बसलं ना मॅडम!"

बसलं. यादीत ते कार्ड नाही. नवी सिस्टिमही नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना मेल टाकली होती, उत्तर दोन ओळींचं: हा जोड आम्ही तपासलेला नाही, नवी आवृत्ती घ्या. चालेल असं म्हणत नाहीत, चालणार नाही असंही नाही. नव्या आवृत्तीची मंजुरी म्हणजे पुढचं वर्ष.

पंकजचा उपाय: नव्या सिस्टिमला जुनीचं सोंग घ्यायला लावायचं, तशी सोय असते सेटिंगमध्ये. सॉफ्टवेअर फसतं आणि चालू होतं. झालं चालू. सगळे आकडे आले. मला बरं वाटलं नाही.

८ नोव्हें., शनिवार

नवा सर्व्हर लागला. साहेबांनी पेढे मागवले. मॅनेजर झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदा कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर टेकला. मी म्हटलं, महिनाभर दोन्ही शेजारी चालवू, आकडे ताडून बघू. पण खालून येणारी तारांची जुडी एकच, ती एकालाच लागते. जुना स्टोअरमध्ये गेला, ताडपत्रीखाली.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "आता आम्ही खाली मरून राह्यलो का जिते आहोत ते तुले रंगीत दिसन." वहिनीने त्याच्या हातावर चापट मारली. त्याचं असंच. सरदार आहे तो खाली: पाळीच्या आधी आत जाऊन छत ठोकून बघायचं, गॅस बघायचा, मग माणसं सोडायची. मीही हसले.

११ नोव्हें.

कोसरे भाऊ खुशीत. "मॅडम, सात नंबर लय शांत झाला आजकाल."

सात नंबर म्हणजे दादाच्या पॅनलचा, खाणीच्या ज्या भागात त्याची माणसं कोळसा काढतात तिथला सेन्सर. कोळसा काढून बंद केलेल्या जुन्या भागाच्या तोंडाशी लावलेला. तिथं कोणी थांबत नाही, म्हणूनच तिथं सेन्सर. सरदार पाळीच्या सुरुवातीला हातातल्या मीटरने एकदा बघून येतो, मग पुढे पाळीभर भरवसा वरच्या आकड्यावर.

आलेख काढला. हवेत ०.३ टक्के गॅस, ०.३, ०.३. पट्टी लावून ओढल्यासारखी रेघ, कालपासून. जुन्या सर्व्हरवरून उतरवून ठेवलेले महिने काढून पाहिले: दिवसभर वरखाली, दुपारी वेगळं, पहाटे वेगळं, कोळसा पाडायला स्फोट केला की उसळी. गॅस कधी सरळ रेघेत चालतो का?

घरी सांगितलं. दादा म्हणतो, "तुह्या मशीननं गॅसले शिस्त लावली."

१४ नोव्हें., शुक्र.

परवा सर्व्हर रिस्टार्ट केला तेव्हा रेघ वळवळायला लागली. जीव भांड्यात पडला. आज पुन्हा सरळ. आता पाच नंबरही.

चुकीची नोंद कुठेच नाही, तेच वाईट. जुनं कार्ड तार तुटली की बोंब मारायचं, स्क्रीन लाल व्हायची, "संपर्क नाही". नवं कार्ड बोंब मारत नाही. खालून काही आलं नाही तर शेवटचं जे आलं होतं तेच पुढे करतं. शेजाऱ्याला विचारावं, आजी कशी आहे, आणि त्याने दार न उघडताच सांगावं, काल होती तशीच.

असं मला वाटतं. खात्री नाही. पंकजला फोन. "सेन्सर खराब असन मॅडम." दोन सेन्सर एकदम? "होते तसं." मागून जिप्सीचा आवाज येत होता.

१७ नोव्हें., सोमवार

आज खात्री झाली.

दादा पहिल्या पाळीला. पॅनलच्या फोनवर त्याला म्हटलं, सात नंबरपाशी जा आणि तार काढ. तो आधी वैतागला, "काऊन व? काम आहे ना मले." मग गेला. तिथून हाक पोचेल अशा जागी फोनपाशी एक माणूस उभा केला. मी स्क्रीनकडे. कोसरे भाऊ माझ्या मागे.

"काढली म्हणतात. काय दिसून राह्यलं?"

०.३.

"नीट काढ म्हणा."

थोड्या वेळाने दादा स्वतः फोनवर आला. धापा टाकत. "काय आहे आता?"

"तीनच आहे दादा. शून्य दशांश तीन."

तो एकदम हळू, घरात कधी बोलत नाही तसं: "बाई, तार माह्या हातात आहे."

कोसरे भाऊ इतके दिवस या आकड्याला शांत म्हणत होते. मीही पेढे खाल्ले होते.

दादाने हातातल्या मीटरने पाहिलं. ०.५. एकच्या वर गेलं तर धोका, म्हणजे आज नाही. पण आजचं आम्हाला कळलं ते तो तिथं उभा होता म्हणून. फार भीती वाटली. लिहितानाही वाटतेय.

१८ नोव्हें.

साहेबांकडे. सगळं सांगितलं, आलेख दाखवले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं.

"रिस्टार्ट केल्यावर चालते ना?"

चालतं, थोडा वेळ. किती वेळ ते सांगता येत नाही. कधी दिवस, कधी दोन तास.

"मग दर पाळीले रिस्टार्ट करा."

मी म्हटलं, पॅनल बंद ठेवा, यादीतलं कार्ड येईपर्यंत. यादीतलं कार्ड आणि त्याला चालणारं जुन्या बनावटीचं मशीन दोन्ही मागवावं लागेल, महिना तरी. ते चिडले. "मले काय पोरांच्या जिवावर उठायची हौस आहे? एक पॅनल बंद केलं तर वरून काय ऐकावं लागते तुले माहीत नाई." मग शांत झाले आणि म्हणाले, मधल्या वेळी हाताने एकदा जादा तपासणी करायला लावतो. तेवढं मिळालं. मागणीचा कागद त्यांनी तिथेच सही करून दिला.

स्टोअरमधून जुना सर्व्हर आणून लावला. सुरूच होत नाही. डिस्क गेली. ताडपत्रीखालीच गेली बिचारी.

२१ नोव्हें., शुक्र.

रिस्टार्टला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी, सगळे नंबर गायब. त्या पाच मिनिटांत साहेबांचा फोन, वरच्या ऑफिसचा फोन, काय झालं, काय झालं. म्हणून दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर करतच नव्हता. आज पकडलं. म्हणतो, "स्क्रीन काळी झाली का मले भेव लागते मॅडम." सरळ रेघेचं भय वाटत नाही त्याला. भांडले त्याच्याशी. नंतर वाटलं, त्याचं तरी काय चुकलं, काळं दिसतं, खोटं दिसत नाही.

मला आता एकच नाद. आकडा हलतो का? ०.३ चा ०.२ झाला की बरं वाटतं, ०.४ झाला तरी बरं. जेवतानाही डोळ्यांपुढे तेच. वहिनी विचारते, "तू कुठी पाहून राह्यली जेवता जेवता?" तिला आम्ही दोघांनीही काही सांगितलेलं नाही. ठरवलं नव्हतं, पण नाही सांगितलं.

दादाने चेष्टा करणं बंद केलंय. आज भाजी वाढून घेताना एवढंच, "तुह्यं ते यादीतलं कार्ड कधी येते व?"

२४ नोव्हें., सोमवार

आंध्रकडे वादळ आहे म्हणतात. सिरोंच्याला कालपासून पाऊस, वहिनीच्या बहिणीचा फोन आला, कापलेला धान शेताच्या बांधीत पडून आहे. इथे पाऊस नाही अजून. आभाळ राखेच्या रंगाचं, वारा नाही, चिमण्यांचा धूर खालीच बसलाय. कपडे वाळत नाहीत.

दादा अंगणात उभा राहून आभाळ बघत होता. म्हटलं, काय झालं. "हवा हलकी झाली का खालचा गॅस बाहेर पाहते. वरून दाबून ठेवणारं कोणी राह्यत नाई ना. बंद केलेला भाग अशा दिवशी श्वास सोडते."

हे मला माहीत होतं, प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्याच्या तोंडून ऐकलं आणि लगेच निघाले.

साहेबांना जाऊन सांगितलं, दोन दिवस तरी सात नंबरचं पॅनल थांबवा. ते म्हणाले, "पावसाच्या अंदाजावर खाण बंद करू?" मग, "उद्या पाहू. उद्या जास्त झालं तर काढू माणसं." जास्त झालं ते कळणार कसं, विचारलं. 

घरी दादाला म्हटलं, रजा टाक. "अन् माह्या जागी कोण जाईन? जे जाईन त्याची बहीण नाई का?"  फार राग आला त्याचा.

२५ नोव्हें., मंगळ.

कंट्रोल रूममध्ये बसून लिहितेय. 

दादा दुसऱ्या पाळीला उतरला. माझी पाळी नाही, तरी आले. कोसरे भाऊही घरी गेले नाहीत, दुसऱ्याला उठवून स्वतः बसलेत. पाऊस लागलाय, बारीक. भिंतीवरच्या यंत्रात हवेचा दाब सकाळपासून उतरतोय. माणसं आत जायच्या आधी मीच रिस्टार्ट केला. फोन घणघणले, उचलले नाहीत.

दादाने खालून कळवलं: हातातल्या मीटरवर ०.३. स्क्रीनवरही ०.३. जुळलं.

मग बराच वेळ ०.३.  मी मनात म्हणतेय, हल, हल ना रे.

०.४.

कोसरे भाऊंनी टेबलावर थाप मारली, "हलला! जिता आहे मॅडम!" आणि मी हसले. खरोखर हसले, टाळी दिली त्यांना. इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

०.५.

तेव्हाही हसतच होते. मग ०.६ आणि कळलं आपण कशाला हसतोय.

फोन केला. दादाच आला. म्हटलं, वाढतंय, खरंच वाढतंय, माणसं घेऊन बाहेर ये. त्याने एक शब्द वाद घातला नाही. "दोघं पुढं गेले आहेत, त्यायले घेऊन निघतो. तू आकडा पाहात राह्यजो." साहेबांना सांगितलं. ते निघालेत ऑफिसातून, पॅनलची वीज तोडायला फोन करतो म्हणाले.

०.७.

०.८.

पॅनलचा फोन वाजतोय, कोणी उचलत नाही. निघाले असतील म्हणूनच उचलत नसतील. खाणीच्या तोंडावरच्या माणसाला विचारलं, अजून वर कोणी आलं नाही.

०.८.

अजून ०.८. मघापासून तेवढाच. थांबला की अडकला? पाच नंबरही थांबलाय, पण तो सकाळपासूनच कमी हलत होता. जुन्या सर्व्हरच्या आलेखांची पानं उलटून बघितली, असा एका जागी थांबलेला गॅस कधी आहे का. एकदा आहे. एकदाच.

खरं कळायला एकच मार्ग, रिस्टार्ट. म्हणजे पाच मिनिटं काळोख. तेवढ्यात १ च्या वर गेला तर मी दादाला काय सांगणार, कुठल्या आकड्यावर? आणि नाही केला तर हे ०.८ कधीचं आहे, आत्ताचं की मघाचं?

कोसरे भाऊंचा हात बटणावर आहे. माझ्याकडे बघतायत. "करू का मॅडम?"