जिराफाचे गाडलेले खूर

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
वैधमापन शास्त्र (वजने व मापे) कार्यालय,
तालुका मावळ, जिल्हा पुणे.

अर्जदार: सौ. अनिता मारुती असवले, अंगणवाडी सेविका, मु. टेपवाडी, बेगडेवाडी स्टेशनजवळ, ता. मावळ.

विषय: लोणावळ्याजवळील एका मनोरंजन उद्यानाच्या गेटवरील जिराफाची, तसेच अर्जदाराच्या पट्टीची, तपासणी होऊन दोघांपैकी खोटे कोण हे लेखी मिळणेबाबत.

संदर्भ: सदर उद्यानाच्या तक्रारवहीतील अर्जदाराची नोंद, दि. १९ मे २०२४. (त्यावरील उत्तर: हसऱ्या तोंडाचा एक शिक्का.)

महोदय,

१. या अर्जाचा पहिला मसुदा अर्जदाराने 'मी' असा लिहिला होता. त्यात राग फार उतरला, आणि सरकारी टेबलावर ठेवता येणार नाहीत असे चार शब्दही. म्हणून या मसुद्यात 'मी' काढून सर्वत्र 'अर्जदार' असे लिहिले आहे. तरीही एक गोष्ट सुरुवातीलाच नमूद करणे योग्य होईल. अर्जदाराला सूड हवा आहे. हा शब्द नियमात बसत नसल्यास तेथे 'उचित कार्यवाही' असे वाचावे.

२. अर्जदार चौदा वर्षे गावातली आणि वरच्या ठाकरवाडीतली मुले मोजत आहे. टाचा, पोटऱ्या, बूड, खांदे आणि डोके अशा पाच ठिकाणी मूल पट्टीला टेकल्याशिवाय अर्जदार आकडा लिहीत नाही. चपला काढायला लावते, शेंडी बांधलेली असेल तर सोडायला लावते. मुले रडतात, आया कंटाळतात, तरी मिलिमीटर सोडत नाही. अर्जदाराकडे शेती नाही, सोने नाही, गावात वजन आहे ते या पट्टीमुळे.

३. अर्जदाराची मुले तीन. सत्यम अकरा वर्षांचा, समीक्षा सात वर्षांची, प्रेरणा अडीच वर्षांची. सदर उद्यानाचे नाव सोबतच्या तिकिटांवर छापलेले आहे, अर्जदाराच्या हाताने ते लिहिले जाणार नाही. तेथे तिकीट वयावर नसून उंचीवर आहे. नव्वद सेंटिमीटरखाली फुकट, एकशे चाळीसपर्यंत लहान तिकीट, त्यावर मोठे. मुले दोन वर्षे मागे लागली होती. लोक सहलीचा अंदाज पैशांवरून बांधतात, अर्जदाराने तो वाढीच्या तक्त्यावरून बांधला. सहा महिन्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा प्रेरणा ऑगस्टमध्ये नव्वद ओलांडणार आणि सत्यम दिवाळीच्या सुमारास एकशे चाळीस ओलांडणार असे दिसले. जूनपासून शाळा आणि पाऊस, म्हणजे परवडेल असा एकच महिना उरला, तो मे. पाण्यात घालायचे नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यायचे नाहीत म्हणून अर्जदाराने ते घरी शिवले. लॉकरचे पैसे वाचावेत म्हणून पिशव्या सांभाळण्याचे काम सासूबाई नंदाबाई यांना दिले. त्यांनी ते आतला कृत्रिम लाटांचा खोटा समुद्र दाखवण्याच्या अटीवर स्वीकारले. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिघांना पुन्हा मोजले. सत्यम १३७.४. प्रेरणा ८७.२. अंदाजपत्रकात कोठेही फट नव्हती.

४. दि. १९ मे रोजी सकाळी सर्वजण बेगडेवाडीहून लोकलने लोणावळ्याला व तेथून जीपने उद्यानाच्या गेटवर पोहोचले. तेथे एका पत्र्याच्या फळीवर जिराफ रंगवलेला असून त्याच्या मानेवर आकडे आहेत. गेटवरील इसमाने, ज्यास सर्वजण पप्पू म्हणतात, प्रेरणाला फळीला लावले व ब्याण्णव सांगितले. सत्यमला एकशे बेचाळीस सांगितले. अर्जदाराने दोघांना पुन्हा उभे केले, टाचा दाबल्या, हनुवटी सरळ केली. आकडे तेच. अर्जदाराने आपला हुद्दा सांगितला, चौदा वर्षे सांगितली. त्यावर सदर इसम रांगेतल्या पन्नासेक लोकांकडे बघून म्हणाला, "ताई, जिराफ खोटं बोलत नाही." रांग हसली. सत्यम खाली बघू लागला. त्या क्षणी अर्जदाराला जे वाटले ते पहिल्या मसुद्यात होते.

५. वाढलेली रक्कम बरोबर एका मोठ्या तिकिटाएवढी होती आणि तेवढी जवळ नव्हती. कोणीतरी बाहेर राहणे भाग होते. सासूबाई राहते म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मारुतीराव राहिले असते, पण सत्यमला मोठ्या घसरगुंडीवर न्यायला तेच हवे होते. शेवटी अर्जदार राहिली. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ती गेटसमोरच्या कट्ट्यावर, जिराफाच्या समोरासमोर बसून होती. बाहेरचे खाणे आत चालत नाही व एकदा आत गेलेल्यास बाहेर येऊन परत जाता येत नाही, हे तेथेच कळले. त्यामुळे सहा माणसांच्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी अर्जदाराच्या मांडीवर राहिली. त्या तिने जीपवाल्यांना दिल्या, फुगेवाल्या बाईला दिल्या, झाडूवाल्या हौशीरामभाऊंना दोनदा दिल्या. पप्पू तीन वेळा डब्याकडे बघून गेला. त्याला दिल्या नाहीत.

६. दुपारी दोनच्या सुमारास अर्जदाराच्या ध्यानात आले की जिराफाला खूर नाहीत. पाय गुडघ्याखाली थोडे येतात आणि जमिनीत शिरतात. हौशीरामभाऊंना विचारले. दशमीचा घास गिळून ते म्हणाले, "खूर खाली गेलं, बाई. दिवाळीत नवी फरशी बसवली, फळी व्हती तशीच ऱ्हायली." पेव्हर ब्लॉक बसवताना जमीन पाच सेंटिमीटर वर आली, जिराफ मात्र हलला नाही. तेव्हापासून त्या गेटवर येणारे प्रत्येक लेकरू आपोआप पाच सेंटिमीटर वाढते. अर्जदाराने संध्याकाळी पाच वाजेपर्यंत अशी त्रेचाळीस मुले मोजली, ज्यांचे तिकीट केवळ फरशीने वाढवले. पट्टी लावून खात्री करू द्या म्हटले तर तिकिटाशिवाय फळीजवळ येता येणार नाही असे उत्तर मिळाले. पुढच्या रविवारी अर्जदार अंगणवाडीची पट्टी घेऊन पुन्हा गेली, तेव्हाही हेच. सरकारी पट्टी विनापरवाना गावाबाहेर नेल्याबद्दल पर्यवेक्षिका मॅडमनी खुलासा मागितला आहे, तो अर्जदार स्वतंत्रपणे देईल. गेटवर ज्यांना अडवता येत नाही असे अधिकारी फक्त आपण आहात.

७. एवढ्यावर हा विषय अर्जदाराने कदाचित गिळला असता. परंतु सासूबाईंनी बचत गटाच्या बैठकीत खोट्या समुद्राचे वर्णन करता करता जिराफाचेही केले. आता गावात अर्जदारास 'जिराफबाई' म्हणतात. दि. ५ जून रोजी मोजणीच्या दिवशी वरच्या ठाकरवाडीतील हिरी आपली मुलगी चैताली हिला घेऊन आली. चैतालीला तीन वर्षे पूर्ण आहेत व तिची उंची ८२.४ भरली. ही उंची दोन वर्षांच्या मुलीचीही पुरी नाही. दि. २० जूनला आरोग्य केंद्रात मोठ्या डॉक्टरांचे शिबिर आहे, तेथे तिला नेलेच पाहिजे असे अर्जदाराने सांगितले. चार महिने अर्जदार हेच सांगते आहे, आणि हिरी तयारही झाली होती. ती आता म्हणाली, "बाई, तुमची पट्टी बारकीच मोजती. जिराफानं तुमची पोरगी मोठी दावली, मंग माजीबी मोठीच आसंल. एका दिवसाची मजुरी मी न्हाई बुडवणार." आणि मुलीला कडेवर घेऊन निघून गेली. तिला खोटे कसे म्हणायचे? बिनतिकिटाची मुलगी तिकिटाची झाली हे गावानेच तिला हसत हसत सांगितले होते.

८. आता सुडाबाबत. पप्पू पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीला एकशे पासष्ट सेंटिमीटर लागतात. तो रोज सकाळी गेट उघडण्यापूर्वी जिराफाला पाठ लावून उभा राहतो व एकशे अडुसष्ट भरतो, असे हौशीरामभाऊंनी कौतुकाने सांगितले. साहेबांनी यातून पाच वजा करून पाहावेत. अर्जदाराने त्याच कट्ट्यावर ते केले होते. त्याची मैदानी चाचणी दि. २८ जूनला आहे. तेथे खरी पट्टी असेल, मोठी रांग असेल आणि रांग हसेल. हे अर्जदाराला तीन आठवडे माहीत आहे आणि तिने ते कोणालाही सांगितलेले नाही. खोटे कशाला बोला, या तीन आठवड्यांत तिला झोप छान लागली. पहिल्या मसुद्यात तपासणीची विनंती जाणूनबुजून जुलै महिन्यात केलेली होती.

९. परंतु शिबिर २० जूनला आहे आणि त्यानंतरचे तीन महिन्यांनी. चैतालीला तीन महिने नाहीत. पट्टी खरी आणि जिराफ खोटा असा आपला शिक्का बसलेला कागद हातात असल्याशिवाय हिरी खाली उतरणार नाही, आणि तो कागद २० तारखेआधी निघाला तर पप्पूलाही आपली उंची भरतीआधी कळणार. मैदानावरची फजिती त्याची वाचणार. अर्जदाराने यावर दोन दिवस विचार केला, तिसरा मार्ग सापडला नाही. याचा अर्जदाराला मनापासून संताप आहे, तोही नोंदवून घ्यावा.

१०. सबब विनंती की, साहेबांनी दि. २० जूनपूर्वी, प्रथम अर्जदाराची पट्टी तपासावी. ती केसभरही खोटी निघाल्यास सोबतच्या राजीनाम्यावर तारीख घालून तो बालविकास कार्यालयाकडे पाठवावा. खरी निघाल्यास तसे लेखी द्यावे, ठाकरवाडीत वाचून दाखवता येईल अशा मोठ्या अक्षरात. त्यानंतर जिराफाच्या पायाखालील फरशी खूर दिसेपर्यंत उकरावी. उकरलेली माती वाहण्याचे घमेले सदर इसमाकडेच द्यावे. मग त्याला जिराफाला पाठ लावून उभे करावे व जो आकडा येईल तो रांगेला ऐकू जाईल असा वाचावा.

वाचताना अर्जदार समोरच्या कट्ट्यावर बसलेली असेल. त्या दिवशी डब्यात दशम्या असतील, आणि आकडा ऐकून झाल्यावर एक त्यालाही दिली जाईल.

आपली नम्र, पण मिलिमीटर न सोडणारी,

(सही)
सौ. अनिता मारुती असवले
टेपवाडी, दि. १० जून २०२४

सोबत:
१. प्रवेशाची पाच तिकिटे (सहावे काढलेच नाही).
२. सत्यम व प्रेरणा यांच्या सहा महिन्यांच्या वाढीच्या नोंदी.
३. जिराफाचा फोटो, खुरांवाचून.
४. राजीनामा, सहीसह, तारीख कोरी.
५. कु. चैताली हिच्या नोंदीची प्रत. ही सर्वांत आधी पाहावी.