मजासवाडी युनायटेडचा शांतताप्रिय इतिहास

१ डिसेंबर २०२४, रविवार

आजपासून राग बंद. कायमचा.

क्लबची मीटिंग झाली. मजासवाडी युनायटेड फुटबॉल क्लबला पन्नास वर्षं पूर्ण. १२ जानेवारीला जोगेश्वरीच्या आपल्या मैदानावर मुलुंड रेंजर्सशी सुवर्णमहोत्सवी मॅच. मॅचआधी जुन्या खांबाशी नारळ फोडून गाऱ्हाणं घालायचा मान कुणाचा, यावर चहाचे तीन राउंड झाले. उमेदवार दोनच. एक मी, माजी स्टॉपर बॅक, ज्याला अख्खी उपनगरं ‘कसाई’ म्हणून ओळखायची. दुसरा दादू परब, माजी गोलकीपर, ज्याला कुणी काहीच म्हणायचं नाही.

शेवटी नितेश बोलला. हा आपला मीडिया मॅनेजर, वय माझ्या बुटांपेक्षा कमी. म्हणाला, क्लब आता प्रोफेशनल आहे, कंपनीच्या मालकीचा आहे, स्पॉन्सर बघत असतात. मान सहदेवकाकांना देऊ, पण एक अट. त्या दिवसापर्यंत एकही राडा नको. झाला, तर नारळ दादूकाकांच्या हातात.

सगळे हसले. कोण कोण हसलं ते मी लक्षात ठेवलं आहे, पण शांतपणे. वेबसाइटसाठी क्लबचा इतिहास लिहायचं कामही मीच मागून घेतलं. इतिहास ज्यानं घडवला त्यानंच लिहावा.

घरी येऊन सुगंधाला सांगितलं. पस्तीस वर्षांचा संसार, वाटलं अभिमान वाटेल. ती म्हणाली, दादूभावजींना आत्ताच फोन करा, त्यांना तयारीला वेळ मिळेल.

३ डिसेंबर, मंगळवार

इतिहासाला हात घातला. भराभर सुचतंय.

१९७४. स्थापना. गिरण्यांत कामाला असलेल्या आपल्या मालवणी पोरांनी क्लब काढला. पहिली मॅच मुलुंडला. निकाल ०-६. मॅचनंतरच्या मारामारीत मात्र निर्विवाद विजय. पुरावा म्हणून त्यांच्या गोलचा एक लोखंडी खांब उपटून टेम्पोतून जोगेश्वरीला आणला आणि आपल्या गोलला लावला. आता नवे पोस्ट आले, तरी तो जुना खांब मैदानाच्या कडेला उभा आहे. हळदकुंकू लागतं. प्रत्येक होम मॅचआधी त्याच्या बुडाशी नारळ आणि गाऱ्हाणं. मानकरी देवाकडे मागतो, बाकी सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. मानकऱ्यानं काहीही मागो, व्हयच म्हणायचं. नाही म्हणायची पद्धत नाही.

१९८३. वरच्या विभागात बढती. त्या मॅचमध्ये लाइन्समनचा दात पडला. कुणी पाडला याबद्दल क्लबमध्ये अजून दोन गट आहेत.

१९९८. सुवर्णक्षण. उपनगर कप, फायनल, आपलं मैदान. मुलुंडचा स्ट्रायकर माणिक वाऱ्यासारखा आत आला. मी हवेत झेप घेतली. माणिक खाली. पाय मोडला. करिअर खलास. आपण १-० जिंकलो. क्लबचा आजवरचा एकमेव कप. माणिक आजही लंगडतो, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

लिहिताना अंगावर काटा आला. मुठी आपोआप वळल्या. सोडल्या. पाणी प्यायलो.

८ डिसेंबर, रविवार

घाटकोपरला लीग मॅच. ठरवून गेलो होतो, तोंडातून शब्द काढायचा नाही. थर्मासमध्ये आलं घातलेला चहा, मन स्थिर. पहिला पाऊण तास माझ्याइतका सभ्य प्रेक्षक स्टेडियमात नव्हता.

मग रेफरीनं पेनल्टी दिली. आपल्या विरुद्ध. पुढच्या रांगेतला टकल्या म्हणाला, बरोबर दिली. मी त्याला थर्मासनं समजावलं.

नीट विचार केला. राडा म्हटला की दोन्ही बाजू हव्यात. टकल्यानं हात उचललाच नाही. उचलला त्याच्या बायकोनं, आणि तिचा हात बराच जड होता. माझ्या चष्म्याची एक काच तिथेच राहिली. म्हणजे मार एकूण मीच खाल्ला. याला राडा म्हणता येणार नाही, फार तर गैरसमज. नितेश कॅमेऱ्याजवळ होता, त्याला दिसलं नाही.

०-३ हरलो. या सीझनमध्ये अजून एकही मॅच जिंकलेलो नाही. पोरांमध्ये आग नाही. आमच्या वेळी होती.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सुगंधाच्या आग्रहाखातर सोसायटीच्या गच्चीवर योगवर्गाला गेलो. गंधाली नावाची मुलगी शिकवते. आवाज गोड. म्हणाली, काका, आत जो काही राग आहे तो श्वासाबरोबर बाहेर सोडा.

शेजारच्या चटईवर तिसऱ्या मजल्यावरचा केयूर. अंगात कुठल्यातरी युरोपातल्या क्लबचा टी-शर्ट. पहाटे उठून त्यांच्या मॅची बघतो म्हणे. त्यानं मला विचारलं, काका, ते मजासवाडी युनायटेड अजून आहे का?

मी श्वास बाहेर सोडला. श्वासाबरोबर डोकंही गेलं.

केयूरच्या नाकातून बरंच रक्त आलं. टी-शर्ट पांढरा होता, म्हणून जास्त वाटलं. त्याची आई वर आली, तिनं माझ्या पाठीत झाडू घातला. तो मोडला, वर झाडूचे पैसे भरून द्या म्हणाली. गंधालीनं माझी चटई उचलून गच्चीवरून खाली टाकली. मला वर्गातून काढलेलं नाही, चटईला काढलं आहे.

सोसायटीची गच्ची क्लबच्या हद्दीत येत नाही. अट तिथे लागू नाही. उद्यापासून मात्र खरंच बंद.

२२ डिसेंबर, रविवार

दादू घरी आला. गाऱ्हाण्याची उजळणी करून घेतो म्हणाला. मला कशाला उजळणी? पण माझा जन्म इथला, मालवणी कानात आहे, जिभेवर येताना जरा अडकते. तो देवगडचा. म्हटलं, ऐक माझं.

मी सुरुवात केली. मुलुंडच्या अकराही गड्यांच्या तंगड्या मोडून हातात दी रे महाराजा. मी म्हटलं, व्हय महाराजा म्हण की! तर म्हणतो, गाऱ्हाण्यात कुणाचं वाईट मागायचं नसतं रे सहदेवा. सगळ्यांचं भलं मागायचं, मुलुंडवाल्यांचंसुद्धा. चुकलंमाकलं पदरात घे म्हणायचं.

मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तो म्हणाला, दुसऱ्याचं ऐकायचं नाही हा तुझा स्वभावच. अठ्ठ्याण्णवलाही मी ‘सोड, माझा बॉल’ म्हणून गळा फाटेस्तोवर ओरडलो होतो, तू ऐकलंस का?

मग मी त्याची कॉलर धरली. फक्त धरली. त्यानं माझी धरली. आमच्या जिन्याला कठडा आहे, पण तो नावाला. एक अख्खा मजला आम्ही एकमेकांना धरूनच उतरलो. त्याचं मनगट सुजलं, माझी भुवई फाटून टाके पडले. खाली पोचल्यावरही मी त्याच्या पोटात एक गुडघा दिला, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. त्यानं माझ्या कानाखाली दिली. गोलकीपरचा पंजा आहे, कान अजून वाजतोय.

संध्याकाळी क्लबवर नितेशनं भुवई बघितली. म्हटलं, बाथरूममध्ये घसरलो. मग त्यानं दादूला विचारलं. दादू म्हणाला, बाथरूममध्ये घसरलो. नितेशनं विचारलं, दोघं एकाच बाथरूममध्ये? दादू म्हणाला, हो, याचा गीझर बिघडला होता, मी बघायला गेलो होतो.

एक शब्द बोलला असता तर नारळ त्याचा होता. बोलला नाही. घाबरतो मला.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

इतिहास नितेशला दिला. छान टाइप करून. त्यानं तिथेच उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाला, काका, यात गोल कुठे आहेत?

परत वाचून पाहिलं. पन्नास वर्षांत मारामाऱ्या भरपूर, गोल खरंच कुठे दिसेना. नजरचुकीनं राहिले असतील. नितेशनं विचारलं, निदान अठ्ठ्याण्णवच्या फायनलचा गोल कुणी मारला ते सांगा. मी म्हटलं, तो गौण तपशील आहे. शिवाय गोल झाला तेव्हा मी मैदानाबाहेर होतो. काही कारणानं.

रात्री जेवताना सुगंधाला विषय काढला. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, काही कारणानं काय? स्ट्रेचरवर होतात. हॉस्पिटलात मोसंबी घेऊन मीच आले होते. मला म्हणालात, ताई, तुम्ही कोण?

सुगंधा त्या दिवशी उन्हाच्या बाजूला बसली होती. तिला नीट दिसलं नसणार. मी अजिबात रागावलो नाही. टीपॉयचा पाय आधीच सैल होता.

११ जानेवारी, शनिवार

उद्या.

पांढरा शर्ट इस्त्री करून आणला. गाऱ्हाणं पाठ. तंगड्या काढून टाकल्या, दादू म्हणाला तसं भलं घातलं. मुलुंडवाल्यांचं थोडं कमी घातलं.

बातमी अशी की मुलुंडकडून पाहुणा म्हणून माणिक येतोय. खुद्द माणिक. मी ठरवलं आहे, उद्या मोठेपणा दाखवायचा. तो लंगडत येईल. मला बघून क्षणभर थबकेल, चेहरा उतरेल. मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवीन आणि म्हणेन, झालं गेलं विसरून जा. सगळं मैदान बघेल. दोन-चार जणांच्या डोळ्यांत पाणी येईल. आरशासमोर करून पाहिलं. मलाच आलं.

सगळा महिना मी एकही राडा केलेला नाही. माणूस बदलू शकतो.

सुगंधानं उद्याच्या पर्समध्ये बँडेज आणि आयोडीन टाकताना मी पाहिलं. विचारलं, कशाला? म्हणाली, असू दे.

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वाचता आलं नाही तर बरंच आहे.

मैदान भरलेलं. खांबाला हार. नितेशनं सगळ्यांसमोर नारळ माझ्या हातात दिला. महिनाभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला होता तो नारळ. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस जोगेश्वरीत नव्हता.

मग माणिक आला. ताडताड चालत. दोन्ही पायांनी.

मी पुढे झालो, खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, झालं गेलं विसरून जा. त्यानं हात जोडले आणि अगदी अदबीनं विचारलं, माफ करा, आपण कोण? मी म्हटलं, अठ्ठ्याण्णवची फायनल. मी तुमचा पाय मोडला होता. तो थोडा वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, नाही हो, माझा पाय कधीच मोडला नाही. तुमचा काहीतरी गोंधळ होतोय.

गोंधळ! सत्तावीस वर्षं मी ज्याला रोज पाडला, त्याला मी माहीतच नाही. इतका राग मला कधीच आला नव्हता, आणि रागाबरोबर रडूही आलं. ते कुणाला दिसायच्या आत हात गेला. हातात नारळ होता.

स्ट्रायकर तो स्ट्रायकरच. साठीला आला तरी वाकला झटकन. नारळ खांबावर बसला. नारळामागून माझा हात बसला. नारळ फुटला. हातही, दोन ठिकाणी. तरी डाव्या हातानं मी माणिकचा शर्ट धरला आणि मुलुंडच्या दोघांनी माझ्या बरगड्यांत कोपरं घातली. कुणीतरी माझा दुसरा चष्माही तुडवला. एवढ्यात दादू मध्ये पडला. त्यानं मला बॉल धरतात तसं पोटाशी घट्ट धरलं आणि सोडलंच नाही, मी त्याच्या दंडाला चावलो तरीसुद्धा.

मॅच आपण २-० जिंकलो. सीझनमधली पहिली. हे हॉस्पिटलात कळलं.

पण त्याआधी मला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. ती गेटपाशी अडली. गाऱ्हाणं सुरू झालं होतं, आणि गाऱ्हाणं चालू असताना आपल्या मैदानात कुणी जागचं हलत नाही. ड्रायव्हर कणकवलीचा निघाला. त्यानं इंजिन बंद केलं, टोपी काढली. मागचं दार उघडंच होतं. सुगंधा माझा मोडका हात मांडीवर घेऊन बसली होती.

दुसरा नारळ दादूकडे होता. त्यानं सगळ्यांचं भलं मागितलं. आपल्या पोरांचं, मुलुंडच्या पोरांचं, रेफरीचंसुद्धा. लोक व्हय म्हणत होते. मग दादूनं माझं नाव घेतलं.

“बा देवा महाराजा, अठ्ठ्याण्णवात ह्या सहदेवान आपला डोक्या ह्याच खांबार फोडून घेतल्यान, म्हणान बदलेक दुसरो गडी आत गेलो आणि आमचो गोल झालो रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” अख्खं मैदान. माणिकचाही आवाज असणार त्यात.

“तेच्या हातून काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. तेच्या हाताक आता तरी शांती दी. आणि तेका गेटाभायर ठेव नको रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

ड्रायव्हर म्हणाला. सुगंधाही म्हणाली, पदर डोळ्यांना लावून. मग दोघं माझ्याकडे बघत राहिले.

मीही म्हणालो. नाही म्हणायची पद्धत नाही.