परत धुऊन ये

बाबा, गेल्या आठवड्यात इथे सिंगापूरला, नोव्हेना भागातल्या एका दातांच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडायला लावलं, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला ब्रश करायला कुणी शिकवलं?" वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, चिनी मुलगी, तोंडावर मास्क, आवाज अगदी मऊ. मी म्हटलं, वडिलांनी. त्यावर ती म्हणाली की हे दात आहेत, जळलेला वोक, म्हणजे कढई, नाही. माझ्या पुढच्या हिरड्या घासून घासून इतक्या वर गेल्यात की दातांची मुळं उघडी पडलीत. आता टाळूचं थोडं कातडं कापून काढायचं आणि ते हिरड्यांवर शिवायचं, हे ती मला पडद्यावर माझ्याच तोंडाचा फोटो दाखवून समजावत होती. तुम्ही असतात तर तो फोटो तुम्हाला पाठवला असता. बघा म्हटलं असतं, किती स्वच्छ आहेत. निघताना तिनं मऊ केसांचे दोन ब्रश हातात ठेवले आणि जुना आजच फेकून द्या म्हणून बजावलं.

नागपूरच्या क्वार्टरमधली ती मोरी मला अजून दिसते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढा कठडा, आत बादली, खिळ्याला अडकवलेला छोटा आरसा. आई स्टोव्हपाशी पोळ्या लाटते आहे, तुम्ही इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसून चहा घेताय, आणि मी मोरीतून येऊन तुमच्यासमोर उभी राहते. "हा कर." मी तुमच्या तोंडासमोर हाऽ करते. दूध नासलंय का बघावं तसा तुम्ही डोळे मिटून वास घेता आणि म्हणता, "परत धुऊन ये." मी परत जाते. परत येते. कधी दुसऱ्या खेपेला सुटका होते, कधी तुम्ही कप खाली ठेवून स्वतः उठता, माझी हनुवटी धरता आणि माझ्या हातातला ब्रश घेऊन घासायला लागता. तुमच्या बोटांची पकड अशी की मान हलवायची सोय नाही. आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणते, "पुरे नं आता, पोरीच्या तोंडातून रक्त येऊन राहिलं." आणि तुम्ही म्हणता, "रक्त आलं म्हणजे घाण निघाली." तुम्ही घरातसुद्धा असं पुस्तकातलं शुद्ध मराठी बोलायचात, नातेवाईक मागे हसायचे तरी.

तुमचं वागणंच सगळं वेगळं होतं. वीज कंपनीच्या ऑफिसात तुम्ही बिलांच्या खिडकीवर बसायचात. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन यायची आणि बाकावरून बघत राहायची. खिडकीशी माणूस आला की तुम्ही आधी खिशातली लवंग दाढेखाली धरायचात, मग तोंडासमोर हात आडवा धरून बोलायचात. लोकांना ऐकू जायचं नाही, लोक वैतागायचे, "साहेब, मोठ्यानं बोला." तुम्ही हात काढायचा नाहीत. तुम्हाला दात दाखवून हसताना मी पाहिलेलं नाही. लग्नाच्या फोटोतही नाही. शेवटी दवाखान्यात होतात तेव्हा उठून बसायची ताकद नव्हती, पण डॉक्टर राउंडला यायच्या आत आईकडे खुणेनं ब्रश मागायचात. मला तेव्हा ते पाहून कीव नाही आली. मला चीड आली होती. मरतानाही माणूस तेच करतोय असं वाटलं होतं.

माझा पहिला दात पडला तो दिवसही लक्षात आहे. क्वार्टरच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी उंदराचं बीळ होतं. लाइनीतली सगळी पोरं पडलेला दात त्यात टाकायची आणि उंदीरमामाला सांगायची की हा घे आणि तुझा दे. मी दात मुठीत घेऊन पळत निघाले होते. तुम्ही दारातच अडवलंत, मूठ उघडायला लावलीत आणि दात केराच्या डब्यात टाकलात. "उंदीर कुणाला दात देत नाही. ही अंधश्रद्धा आहे. आपल्या घरात हे चालणार नाही." दर रविवारी विहारात मोठी माणसं हेच सांगायची, त्यामुळे तुमचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण टाकीपाशी माझी मैत्रीण वाट बघत उभी होती आणि तिला काय सांगायचं ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नवीन ब्रश आणून दिलात. मोठ्या माणसांचा, कडक केसांचा. मग प्रत्येक पडलेल्या दातामागे एक ब्रश मिळत गेला. दुसऱ्या मुलांना उंदीरमामा होता, मला हे होतं.

आता तुमच्या नातीचं सांगते. तिला तुम्ही पाहिलेलं नाही, तुमच्या जावयालाही नाही. तो मरीन इंजिनिअर आहे आणि सध्या जहाजावर आहे, म्हणजे नेहमीसारखंच घरात आम्ही दोघी. ती सात वर्षांची आहे. तिचा वरचा दात महिनाभर हलत होता आणि ती टूथ फेअरीची वाट बघत होती. तिच्या वर्गातल्या सगळ्यांकडे ही परी येते, उशीखालचा दात नेते आणि काहीतरी ठेवून जाते. मी नाही म्हटलं नव्हतं. तुमच्यासारखं करायचं नाही एवढं मी फार आधी ठरवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ती बेसिनपाशी ब्रश करत होती. दुसऱ्या दिवशी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर मराठी कुटुंबांची पिकनिक होती, पहिल्यांदाच बोलावलं होतं. मी तिच्या मागे उभी होते. तिचा फ्रॉक इस्त्री करून ठेवला होता, केस धुतले होते, आणि तिचं ते वरवरचं घासणं मला बघवेना. मी तिची हनुवटी धरली आणि ब्रश हातात घेतला. "आई, पेन लाह! यू ऑलवेज सो हार्ड!" ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली. मी ऐकलं नाही. मग काहीतरी टक्क वाजलं. दात सुटला, बेसिनमध्ये पडला आणि नळ चालूच होता, पाण्याबरोबर गेला. तिनं रक्त बघितलं, भोक बघितलं आणि भोकाड पसरलं. "माय टूथ! नाऊ हाऊ? टूथ फेअरी वोन्ट कम!"

जुरोंग आयलंडच्या केमिकल प्लांटमध्ये माझा सगळा दिवस पाइपांत जातो, तेव्हा बेसिनखालचा वाकडा पाइप उघडायला मला कुणाची गरज नव्हती. खाली बादली लावली आणि पान्ह्यानं नट सोडवला. केसांचा चिकट गोळा, साबणाचा गाळ, कुठलंतरी कानातलं आणि शेवटी तो दात निघाला. केवढासा दात. मी तो धुऊन तिच्या हातावर ठेवला तरी ती माझ्याकडे बघेना. झोपताना तिनं तो उशीखाली ठेवला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की परीनं द्यावं असं घरात मी काही आणलेलंच नाही. पर्समध्ये डॉक्टरनं दिलेले दोन ब्रश होते. त्यातला एक ठेवला. सकाळी ती तो हातात धरून माझ्यापुढे उभी राहिली. "ब्रश? टूथ फेअरी गिव्ह ब्रश? सो लेम." मला हसू आलं, बाबा. उंदीरमामाच्या जागी परी आली, सगळं करून बघितलं, आणि उशीखालून शेवटी तुम्हीच निघालात.

पिकनिकला गेलो. समुद्राची हवा, चटया, कुणीतरी डब्यातून आणलेल्या पुरणपोळ्या, मुलांना हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीतून नूडल्स. सगळे चांगले शिकलेले, चांगल्या हुद्द्यांवरचे लोक. एका बाईंनी माझी बरीच चौकशी केली, कंपनी कुठली, कॉन्डो कुठला, आणि मग मला पुरणपोळी वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचं आडनाव वेगळंच आहे हो. मूळचे कुठले तुम्ही?" मी नागपूर म्हटलं. "हो, पण म्हणजे मूळचे?" मी सांगितलं. तुम्ही सांगायचात तसंच, सरळ. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि डबा घेऊन पुढच्या चटईकडे गेल्या. तेवढंच झालं. कुणी काही वाईट बोललं नाही. पण नंतर बराच वेळ मी तोंडासमोर हात धरून बोलत होते, हे मला पोरीनं सांगितलं तेव्हा कळलं. इथे कुणी तुमच्या तोंडाचा वास घेत नाही, बाबा. ते आडनाव विचारतात, आणि आडनाव कितीही घासलं तरी निघत नाही.

घरी येऊन मी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्याच्या तोंडात आता मोजके दात उरलेत, तेही मशेरीनं काळे पडलेले, आणि ती खुशाल तोंड उघडून हसते. हिरड्यांचं ऑपरेशन करायचंय म्हटल्यावर तिनं कारण विचारलं. मी सगळा राग काढला. मोरी, हा कर, परत धुऊन ये, सगळं सांगितलं. तिनं फोन अगदी जवळ धरला.

"तुह्या बापानं तुले कधी सांगतलं नाही का वं?"

"काय सांगायचं?"

"चौथीत होता तो. आपल्या वस्तीतले पोरं मांगं, दारापाशी बसत. एक दिवस मास्तर म्हणे, तुह्या तोंडाचा वास येते, जाय, धुऊन ये. हा आला धुऊन. तं म्हणे, परत धुऊन ये. सारे पोरं हासत. मंग रोजचंच झालं थे. घरी आला का राखुंडीनं दात घासे. रक्त निघे तरी घासे. अन् मले विचारे, अक्का, पाय बरं, वास येते का?"

"मग तू काय म्हणायचीस?"

"नाही येत रे बाबू, म्हणो. त्याले पटेच नाही."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. त्या दाराजवळ बसणाऱ्या मुलाला पोटाशी धरावंसं वाटायला हवं होतं. तेही वाटलं, पण नंतर. आधी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तो मास्तर त्या गावात राहिला असता, तिथेच मेला असता. तुम्ही त्याला घरी घेऊन आलात. रोज सकाळी चहाच्या कपापुढे बसवलंत आणि त्याचेच शब्द मला त्याच्यासारखेच ऐकवलेत. एकदा सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? एका रविवारी विहारातून येताना, सायकलवर पुढे मी बसलेली असताना, एवढंच म्हणायचं होतं की माझ्या बाबतीत असं झालं, तुझ्या बाबतीत होऊ नये म्हणून मी हे करतो. मी हौसेनं घासले असते. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी घाण आहे, ती फक्त तुम्हालाच कळते आणि कितीही धुतलं तरी ती जात नाही. भीती तेवढी दिलीत, कारण स्वतःजवळ ठेवलंत. आणि शनिवारी तोच मास्तर सिंगापूरच्या माझ्या बेसिनपाशी, माझ्या पोरीची हनुवटी धरून उभा होता.

तुम्ही आत्याला विचारायचात ते मला का विचारलं नाहीत? मी तर रोज तुमच्यासमोर उभी असायची, वीतभर अंतरावर. तुमच्या तोंडाला लवंगेचा वास यायचा. मला तो आवडायचा.

हे मी कंपनीच्या बसमध्ये लिहिते आहे, थोड्या वेळात गेट येईल. आधी वाटलं होतं, लिहून झालं की आत्याला वाचून दाखवावं. आता नाही दाखवणार, कारण कालचं ऐकून तिला सोसणार नाही. काल संध्याकाळी पोरीनं परीच्या त्या मऊ ब्रशनं स्वतःचे दात स्वतः घासले आणि सवयीनं माझ्यासमोर येऊन तोंड उघडलं. मी म्हटलं, "नको, राहू दे. आजपासून ते नाही." तिनं तोंड मिटलं. मग स्टूल ओढून त्यावर चढली. "देन यू डू. आय चेक." मी हाऽ केलं. तिनं डोळे मिटून वास घेतला, थेट तुमच्यासारखा, आणि म्हणाली, "ओन्ली टूथपेस्ट. ओके लाह." माझ्या तोंडापाशी येऊन कुणी ओके म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तिचा पापा घेतला. ती खाली खेळायला गेली. दुसरा मऊ ब्रश अजून पाकिटातच आहे. तिची लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला तेव्हा मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि परत धुऊन आले, जुन्याच ब्रशनं.