मनीच्या पिल्लाची लस

मंगळवार, संध्याकाळ

आम्ही पोरं कविता म्हणायला लागलो की शाळेचं पत्र्याचं छप्पर घुमायचं. आज जनावरांच्या दवाखान्यात तेच आठवत बसलो. मागल्या वर्षी उलट्या-हगवणीच्या साथीत मनीची सगळी पिल्लं गेली. यंदा एकच झालं, तेही पिशवीत थरथरत होतं. काय सुचलं कोण जाणे, दुसरीतली कविता हळूच चालीवर म्हणू लागलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, थांबू नका." सुई टोचलेली पिल्लाला कळलीच नाही. मला तरी कुठं कळली?

आता मांडीवर घुरघुरतंय, त्या छपरासारखं.

इतकं लिहिलं अन् कडी वाजली. दारात शेजारच्या खाला! मांजर दिसलं की झाडू उगारणाऱ्या. ओढणीत भुरकं पिल्लू.

"काका, जिने में मिला. इसकू बी सुई लगाव ना."