समोरच्या बोर्डाच्या पाच ओळी

कोल्हापूर, ६ जानेवारी २०२५

चि. मनालीस, अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण दिवसा तू कामात असतेस आणि रात्री तुझा आतेभाऊ कान टवकारून बसतो. हा ऋतुराज सकाळी सातला वारणानगरला कामावर जातो आणि जाताना गेटला बाहेरून कुलूप लावतो. हे पत्र शेजारच्या शालूबाईंकडे गजांतून देतेय. माझा अपराध काय, तर स्कूटर उभ्या टेम्पोला लागली. टेम्पोचा रंगच रस्त्यासारखा. डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या पडद्यावर डाग आहे, वाढत जाईल, ऑपरेशन नाही. ज्या कॉन्व्हेंटात शिकले तिथेच तीस वर्षं विज्ञान शिकवलं. सिस्टरांनीही मला कधी कोंडलं नाही. तू काम करतेस ते उपग्रहावरचं क्ष-किरण यंत्र मंदावलं, हे तुम्ही कसं ठरवता? टेम्पोवाल्याला विचारून?

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या

बेंगळुरू, १४ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुला कोंडणारा माणूस जन्माला आला, हेच नवल.

आम्ही ठरावीक काळानं यंत्र आकाशातल्या एकाच जागी वळवतो. तिथे फार पूर्वी फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत. त्यांचं तेज आमच्या हयातीत फारसं बदलत नाही. मग आकडा कमी आला, तर उणं यंत्राचं. पाच वर्षांत आमचा आकडा एक पंचमांशानं घटलाय, यंत्राच्या तोंडावरच्या गाळणीवर, म्हणजे फिल्टरवर, कसला तरी थर बसतोय. पुसायला वर जाता येत नाही. पण घट नेमकी कळली की ती हिशेबात धरून यंत्र वापरता येतं.

तूही ठरलेली एकच गोष्ट, त्याच जागेवरून, त्याच उजेडात वाच आणि लिहून ठेव. ऋतुराजदादाशी भांडू नकोस, वही दाखव. फक्त आकडा मनाचा नको. एक खोटा शिरला की सगळी वही वाया.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी मनाली

कोल्हापूर, १६ मार्च

चि. मनालीस, आशीर्वाद.

समोरच्या हंबीररावांच्या गिरणीचा बोर्ड निवडला. पाच ओळी, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या; शेवटची ‘सोमवारी बंद’. दर रविवारी नऊ वाजता, गॅलरीतल्या त्याच फरशीवरून वाचते. नऊ रविवार, पाचपैकी पाच. ऋतुराजनं वही चाळली, मान खाजवली आणि कबूल केलं की पाडव्याला कुलूप काढीन, स्कूटरची किल्लीही देईन. टेम्पोवाल्यांनी सावध राहावं.

लोभ आहेच, तो आता स्कूटरवरून घेऊन येईन.
तुझी आत्या

कोल्हापूर, ३१ मार्च

चि. मनालीस, आशीर्वाद.

सोमवारीही गिरणीचा आवाज येतो, हे मागच्या सोमवारी ध्यानात आलं. मी गॅलरीतून हंबीररावांना खडसावलं की बोर्डावर बंद लिहून चटणी कांडता, लोकांना फसवता काय. ते म्हणाले, बाई, बोर्ड बदलून तीन म्हैनं झालं की, आता सुट्टी बेस्तरवारी असती.

वीस वर्षं बघितलेला जुना बोर्ड मी पाठ म्हणत होते, मनाली, आणि मला तो दिसतही होता. न मोजता प्रयोगवहीत आकडे भरणाऱ्या मुलींच्या वह्या मी खिडकीबाहेर फेकल्या आहेत.

काल पाडवा. ऋतुराज दोन्ही किल्ल्या तळहातावर घेऊन उभा राहिला. हंबीरराव त्याला काही बोलले नसते. मी वहीतल्या दहाही रविवारांवर लाल काट मारली, वही त्याला दिली आणि कारण सांगितलं. त्यानं किल्ल्या खिशात ठेवल्या आणि तो वाटीतलं श्रीखंड ढवळत बसला.

आज शालूबाईंनी गजांबाहेरून मी न पाहिलेलं वर्तमानपत्र धरलं. मथळा वाचला, त्याखालचं काही नाही. नव्या वहीत लिहिलंय, एक ओळ. पुढचं सगळं आता याच्याशी ताडायचं.

पत्र गजांतूनच देतेय. लोभ वाढव म्हणत नाही, आहे तेवढा खरा ठेव.
तुझी आत्या