सहाव्या पायरीचा आवाज

३ जून
आले एकदाची! गंगापूरहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून चितेगावला उतरले, कंबरडं मोडलं. पण नोकरी ऐकून सगळे हसतात. कानाला हेडफोन लावून बसायचं. फोनवर आवाज तुटतो ना, तसा मशीनमधून मुद्दाम तोडलेला आवाज ऐकायचा. सहा पायऱ्या, दर पायरीला जास्त तुटका. कळेल ते माइकमध्ये म्हणायचं. मग आपलं म्हणणंही तोडून पुढच्या माणसाला ऐकवतात. घरी बडबडीबद्दल बोलणी खाल्ली, इथं ऐकण्याचा पगार! लेक सहा वर्षांची, माझ्या आईकडे ठेवलीय. रोज पाचला फोनवर गोष्ट सांगायचं कबूल केलंय. त्याशिवाय पोरीला घास उतरत नाही.

हेडफोनचा फोम तेवढा चिकट. कुणाच्या तरी कानातला मळ. शी!

६ जून
माझ्या कानात शकीला नावाची बाई बोलते. माझ्याआधी याच खुर्चीवर होती. चौथ्या पायरीनंतर तिचे शब्द जातात, थुंकी तेवढी उरते. टाळूला चिकटलेली जीभ सुटते, घोट गिळला जातो. दुपारी डब्यातलं वरण मला गिळवेना. तरी चाळीसातली पस्तीस वाक्यं बरोबर आली. आमचे साहेब फारूखभाई म्हणाले, ताई, कान लई तेज है तुमचे.

११ जून
शकीला गेटवर आली होती. ओठांवर फेस, हनुवटी ओली. वॉचमन सांडूला तिचं एक अक्षर कळेना. पिऊन आली दिसती, म्हणाला. मला सगळं कळलं. घरात तिचं बोलणं कुणालाच कळत नाही, पोरं जवळ येत नाहीत. माइकमध्ये बोलू नको, म्हणाली. तिच्या थुंकीचा शिंतोडा गालावर उडाला. तीनदा साबण लावला.

१२ जून
लेक म्हणाली, आई, आवाज तुटतोय. रेंज पूर्ण होती.

१४ जून
गंगापूर. समोर बसवून गोष्ट सांगितली. लेक माझ्या आईमागं लपली. आजी, ही तोंडानं काय करती, म्हणाली. लाळेनं पदर ओला होतो सारखा. माझी मलाच किळस —

१५ जून
शकीलाचं मला कळलं, कारण ती रोज कानात होती. मग लेकीला माझंही — कामावरून हेडफोन उचलून आणलेत. माझा तोडलेला आवाज फोनमध्ये भरून घेतलाय.

१६ जून
परत गंगापूर. फोम अजून ओला. लेकीचे कान इवलेसे. रडली. दाबून धरलं. कामावर आम्ही म्हणतो तसं ऐकून मागून म्हणायला लावलं — तासभर. मग माझ्याकडे बघून हसली! कळलं तिला, सगळं कळलं. गोष्ट पुरी सांगितली. तिची लाळ पुसली. आता आजीला काहीतरी सांगतेय, आणि आजी नुसती तिच्या तोंडाकडे —