शेवटची ओळ दादाची

दि. १२ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी कॅलेंडरकडे बघशील, हे मला ठाऊक आहे. मी तिथून निघून आठ महिने झाले. फोनवर बोलतो आपण, पण तू खालच्या दुकानात दादाला ऐकू जाईल म्हणून हळू बोलतेस आणि मी रडू येईल म्हणून भराभर बोलते. त्यात कामाचं काहीच होत नाही. म्हणून हे पत्र.

माझा अल्बम होतोय. माझ्या एकटीचा, नऊ गाण्यांचा. स्टुडिओ म्हणजे गालिच्यांच्या गोदामामागची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. रेकॉर्डिंगवाले काका दिवसभर कोरा चहा पितात आणि गाणं चांगलं झालं तरी ‘हं’ म्हणतात, बिघडलं तरी ‘हं’च. दोन्हींतला फरक कळायला मला आठवडा लागला.

आठ गाणी ठरली आहेत. नववं आईचं. हो, तेच. त्या शेवटच्या तालमीला तू चहा घेऊन आली होतीस, म्हणजे सगळं तुझ्यासमोरच झालं. मी म्हटलं, आईचं गाणं आता स्टेजवर घेऊ या. दादा म्हणाला, ते घरातलं गाणं आहे, लोकांपुढे मांडायचं नाही. मी म्हटलं, आईला जाऊन दोन वर्षं झाली, कुणी गायलं नाही तर तेही जाईल. त्यावर तो अकॉर्डियन मिटत म्हणाला, इतकी हौस असेल तर एकटीनं गा. चौदा वर्षं त्याच्या बँडमध्ये गायले आणि एका वाक्यावर बाहेर पडले. त्याला तसं म्हणायचं नव्हतं, हे मला जिना उतरतानाच कळलं होतं. पण पाय काही मागे वळेनात.

वहिनी, त्याला विचार ना, गाऊ का म्हणून. नको म्हणाला तर आठच गाणी ठेवीन, खरंच. पण त्याला न विचारता ते गाणं माझ्या तोंडून निघायचं नाही.

लोभ आहे तो असाच राहू दे. माझ्या वाटणीचं रागावूनही घे.

तुझी,
भिंगरी


दि. २५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी आहे मी, पण मोठेपणा आयता मिळतोय तर सोडू कशाला.

शाळेच्या ऑफिसातून आले आणि तुझं पत्र घेऊन तशीच दुकानात गेले. तुझे दादा एका जुन्या अकॉर्डियनच्या भात्याला गोंद लावत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी गोंद लावून पुरा केला, हात पुसले आणि विचारलं, तिचा खोकला गेला का? मग विचारलं, जेवते का वेळेवर? गाण्याचं अवाक्षर नाही. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा उठले आणि भर दुपारी दुकानाची पाटी पुसायला बाहेर गेले.

आता माझं म्हणणं ऐक. या माणसाचा नकार मला पाठ आहे. नाही म्हणायचं असलं की मान हलते आणि वर चार कारणं येतात. या वेळी मान हलली नाही, कारणही आलं नाही. तेव्हा हा नकार नव्हे. होकार आहे असं मात्र माझ्या नावावर खपवू नकोस.

बँडमध्ये नवी मुलगी घेतली आहे. आवाज गोड आहे, पण ती कडवं सुरू करते आणि संपवूनच थांबते. शेवटच्या ओळीला दोघंही एकदम घुसतात आणि ढोलकवाला हसत सुटतो. दोन कार्यक्रम असं झालं. तेव्हापासून हे गातच नाहीत, नुसतं वाजवतात. घरातही गुणगुणणं नाही. आधी मीच कटकट करायचे, दाढी करताना तरी गप्प बसा म्हणून. आता सकाळी नळाचा आवाज ऐकू येतो नुसता. मला ते सोसत नाही गं.

खोकल्याचं कळव. विचारणारे पुन्हा विचारत नाहीत, पण वाट बघतात.

तुझी,
वहिनी


दि. २ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

खोकला गेला. जेवतेही वेळेवर. दोन्ही निरोप पोचव.

आता माझी फजिती ऐक. खऱ्या रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी तीन गाणी झाली, काका ‘हं’ म्हणाले, पण हा तिसराच ‘हं’ होता. मग त्यांनी हळूच विचारलं, शब्द विसरताय का? मी ऐकायला बसले तर काय, एकाही कडव्याला शेवटची ओळ नाही! मी तिथवर येते आणि गप्प होते. मला त्याचा पत्ताच नव्हता. चौदा वर्षं शेवटची ओळ दादा उचलायचा आणि मी तेवढ्यात श्वास घ्यायचे. आता तो नाही, तरी मी त्याच्यासाठी थांबतेच आहे. काकांना खोकल्याचा बहाणा सांगून बाहेर गेले आणि गालिच्यांच्या ढिगावर बसून मनसोक्त रडले.

मग आठही गाणी पहिल्यापासून शिकले म्हण. श्वास कुठे घ्यायचा, कुठे राखायचा. जमलं. राहिलं आईचं.

वहिनी, हे तुला दादानं कधी सांगितलं नसणार. आई मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर असायची आणि आम्ही जिन्यात नाही तर गच्चीवर उंडारायचो. तिला मान वर करायला फुरसत नसे. म्हणून ती गायची, ‘सुई कुठे, दोरा कुठे, कात्री कुठे गेली, माझी दोन पोरं कुठे गेली?’ आणि आम्ही जिथे असू तिथून दादानं सुरात उत्तर द्यायचं, ‘इथंच आहोत, इथंच.’ मग मशीन पुढे चालायचं. एकदा आम्ही टाकीमागे लपलो होतो, उत्तर दिलंच नाही. मशीन थांबलं आणि आई अनवाणी धावत वर आली, खांद्याला दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली. मारलं नाही तिनं. नुसती बसून राहिली. त्यानंतर दादानं ती ओळ कधीही चुकवली नाही. दोघांच्या वाटचं तोच उत्तर द्यायचा. मला कधी द्यावंच लागलं नाही.

ती ओळ मी अकरा वेळा गाऊन पाहिली. सुरात येते, पण ऐकवत नाही. आपणच विचारायचं आणि आपणच उत्तर द्यायचं, म्हणजे घरात कुणीच नसल्यासारखं वाटतं. काका म्हणाले, दुसरा गायक आणू. मी नको म्हटलं. मग म्हणाले, जागा रिकामी सोडलीत तर लोकांना वाटेल, सीडीच खराब आहे. पहिलाच अल्बम, वर एकटीचं नाव, विचार करा. केला विचार. जागा रिकामी ठेवली आहे. तिथे माझा श्वास तेवढा ऐकू येतो.

दादाला सांग, गाणं मांडलं, पण त्याची ओळ मांडली नाही. ती घरातच आहे.

लोभ वाढव म्हणत नाही, होता तेवढा पुरे.

तुझी,
भिंगरी


दि. २० एप्रिल

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद.

पार्सल पोचलं. मुखपृष्ठावर तू अगदी सासूबाईंसारखी दिसतेस, फक्त त्या इतक्या रोड नव्हत्या.

त्याच दिवशी वरच्या खोलीत खिडक्या उघड्या टाकून तुझा अल्बम लावला. खाली पॉलिशपेपरची घासघूस चालू होती. आठ गाणी होईपर्यंत चालूच. नववं लागलं आणि घासघूस थांबली. गाणं संपल्यावर बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला उशीर झाला, तर खालून विचारणा, आज मशीन बिघडलंय का!

काल एक गिऱ्हाईक आलं, गिटार दुरुस्तीला. आपल्या घरातली गायिका म्हणून कौतुकानं सांगायला लागलं की सीडी छान आहे, पण खराब निघाली, शेवटच्या गाण्यात आवाजच जातो, बदलून मिळेल का. वीस वर्षांत मी यांना गिऱ्हाईकावर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, सीडीला काही झालेलं नाही, ती माझी जागा आहे. तो बिचारा गिटार टाकून गेला.

मग वर आले, हात धुतले आणि स्वतः नववं गाणं लावलं. माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. मला वाटलं, आता गातील. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मी आत जाऊन रडून घेतलं. मी बाहेर आले तर हे कागद मागत होते.

सोबतचं पाकीट त्यांचं. मी वाचलेलं नाही. वाचणार होते, पण त्यांनी दुकानातला गोंद लावलाय. उघडायला कात्री घे.

तुझी,
वहिनी


दि. २० एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही. तिसऱ्या गाण्यात तू घाई केली आहेस. बाकी आठांत श्वास पुरला. मी सगळ्यांना सांगायचो की तिला श्वास पुरत नाही म्हणून ओळ मी घेतो. ते खरं नव्हतं. मला ती ओळ हवी असायची.

आईचं गाणं नको म्हणालो, त्याचं कारण तेव्हा सांगता आलं नाही. तू तिच्यासारखं विचारणार आणि मी चारशे माणसांसमोर उत्तर देणार, ते मला झेपलं नसतं. तेवढंच म्हणायचं होतं, तोंडातून भलतंच गेलं. माझं चुकलं.

काल तुझी वहिनी आत गेल्यावर गाऊन बघितलं. अर्ध्यात अडकलं, ‘आहोत’पाशी. दोघांचं उत्तर एकट्यानं देता येत नाही.

आई असती तर इतके दिवस उत्तर नाही म्हटल्यावर केव्हाच मशीन सोडून निघाली असती. तू निघू नकोस, तुझी कामं आहेत. मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. स्टुडिओत नाही, तिथली जागा तशीच राहू दे. तुझ्या खोलीवर येतो. जिना आहे ना तिथे?

दार उघडं ठेव आणि आपलं काम करत बस. प्रश्न तू म्हण. ओळ मी जिन्यातून घेतो.

लोभाचं वेगळं काय लिहू.

दादा